पोपटाला मिरची तिखट का लागत नाही?

"बाई, पोपट एवढी हिरवी मिरची कराकरा खातो, मग त्याला ठसका कसा लागत नाही?" सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं. शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते, विज्ञान नव्हे. पण प्रश्न असा होता की तो डोक्यातून जाईना. म्हणून वाचत गेले, आणि जे हाती लागलं ते आपल्या स्वयंपाकघराच्या इतकं जवळचं निघालं की मैत्रिणींनो, तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यात मिरचीची आग कुणाला नवी नाही. पवनीला लागूनच भिवापूर, तिथली मिरची तर नावाजलेली. हंगामात या भागातल्या सातऱ्यांवर शेकडो बायका लाल मिरचीच्या ढिगाशी बसून डेठ खुडतात. मजुरी वजनावर, आणि संध्याकाळी घरी जाताना हात असे भगभगतात की लेकराला जवळ घ्यायची चोरी. आता गंमत पाहा, त्या हातांना चटका बसलेला नसतो, फोड नसतो, हात तापलेलेही नसतात. मग आग कसली?

ही आग म्हणजे एका दाराची चूक. आपल्या कातडीत आणि जिभेत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. त्या टोकांच्या पेशींवर पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात प्रथिनांची इवली इवली दारं बसवलेली असतात. सोडियम, कॅल्शियम यांचे विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, पेशीबाहेर वाट पाहत असतात. दार उघडलं की ते आत घुसतात, विजेची एक लहर उठते आणि मेंदूपर्यंत सांगावा जातो. यांतलं एक दार उष्णतेसाठी आहे. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि आपण तव्यावरून हात झटकन मागे घेतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नावाचं द्रव्य नेमकं याच दारात जाऊन बसतं आणि गार असतानाही ते उघडतं. मेंदू बिचारा समजतो, भाजलं! घाम फुटतो, नाक वाहतं. श्वासनलिकेतही हेच दार आहे, म्हणून फोडणीत मिरची जळली की सगळं घर खोकतं.

हे दार शोधलं ते अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९७ साली. म्हणतात की बाजारात तिखट-मसाल्यांच्या फळीसमोर उभे राहून ते या कोड्याविषयी बोलले, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, त्या स्वतःही शास्त्रज्ञच, 'मग लागा की कामाला' अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. बायकोचं ऐकलं की असं होतं! दाराचं नाव ठेवलं टीआरपीव्ही-१. पुढं २०१३ साली त्याचं बारकाईचं चित्रही मिळालं. एकसारखे चार तुकडे गोल मांडून बसलेले आणि मधोमध भोक.

पेपरमिंटची गोळी किंवा कपाळावरचा बाम गार का वाटतो, त्याचंही उत्तर असंच. थंडीचं दार वेगळं, ते मेंथॉलनं उघडतं. २००२ साली ज्युलियस आणि लेबनॉनमध्ये जन्मलेले आर्डेम पटापुटियन या दोघांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. पटापुटियन यांनी २०१० साली दाबानं उघडणारी दारंही दाखवली. आपल्याला स्पर्श कळतो, डोळे मिटूनही आपला हात कुठं आहे हे कळतं, ते त्यांच्यातल्या एकामुळे. दोघांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता पोपट. पक्ष्यांनाही उष्णतेचं हे दार असतंच, चटका त्यांनाही कळतो. पण त्यांच्या दाराची घडण किंचित वेगळी, कॅप्सेसिन तिथं नीट बसतच नाही. २००२ साली कोंबडीच्या दारावर हे तपासलं गेलं. यात मिरचीचाही डाव आहे. तिचं मूळ घर अमेरिका खंड, आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. तिथल्या रानात उंदीर-घुशींसारखे प्राणी बी चावून नासवतात, पक्षी मात्र फळ गिळतात आणि बी दूरवर टाकतात. म्हणून उंदरांना तिखट आणि पाखरांना गोडीगुलाबी! (पोपट स्वतः बी फोडून खातो, तेव्हा त्याचं कौतुक जरा बेतानंच करावं.) एकाच दाराचे असे नाना अवतार झाले आहेत. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या नाकाजवळ ते कमी उष्णतेलाच उघडतं, म्हणून त्यांना जनावराची गरम शीर सापडते.

घरच्या कामाचंही सांगते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. मिरच्या चिरून हात भगभगले तर आधी तेल चोळा, मग साबणानं धुवा. तोंड पोळलं तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्या. वरून गरम चहा तर मुळीच नको. कॅप्सेसिन लागलेलं दार एरवीपेक्षा कमी उष्णतेलाही उघडतं, त्यामुळे आग दुप्पट. आणि तिखटपणा बियांत नसतो बरं का, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. मुलांसाठी भाजी करताना ती शीर काढली की झालं.

सासूबाईंच्या गुडघ्यांना मी मिरचीच्या अर्काचं मलम लावते. पुन्हा पुन्हा लावलं की ती मज्जातंतूंची टोकं थकून गप्प होतात आणि दुखणं कमी जाणवतं. मग औषध देऊन दार कायमचंच बंद का करू नये? औषध कंपन्यांनी तेही करून पाहिलं. काहींना ताप चढला, काहींना गरम वस्तू किती गरम आहे हेच कळेना, भाजण्याची भीती. तेव्हा मलमच बरं, पण डॉक्टरांना विचारून. जखमेवर लावू नका, लावल्यावर हात साबणानं धुवा, आणि त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका.