परदेशी निधी आणि जात्यावरची ओवी

परदेशी अभ्यासक वही घेऊन गावात आला आणि घराघरांतून प्रश्न विचारू लागला, की पारावर कुजबुज सुरू होते : याला कोणी पाठविले, याचा खर्च कोण करतो आणि येथून नेलेल्या माहितीचे पुढे काय होते? सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्यातील सरपंचांना वा शिक्षकांना असे प्रश्न पडणे रास्तच आहे. त्यांना उत्तर देण्यापूर्वी अशा संशोधनाची रीत समजून घेतली पाहिजे.

काही राष्ट्रे दुसऱ्या देशातील समाजाच्या अभ्यासासाठी त्याच देशात संशोधन केंद्रे चालवितात. फ्रान्सने ही प्रथा विशेष जोपासली आहे. पाँडिचेरी येथील फ्रेंच संस्था १९५५ साली सुरू झाली. नवी दिल्लीतील ‘सेंटर द सियाँस युमेन’ हे मानव्य विद्यांचे केंद्र १९८९ सालचे. समकालीन भारतातील राजकारण, अर्थव्यवहार व शहरांची वाढ हे त्याचे अभ्यासविषय होत. फ्रान्सचे परराष्ट्र मंत्रालय आणि तेथील राष्ट्रीय विज्ञान संशोधन केंद्र यांचा त्याला आधार आहे. समकालीन चीनच्या अभ्यासासाठी असेच एक केंद्र १९९१ पासून हाँगकाँगमध्ये आहे.

दिल्लीच्या या केंद्राचा एक धागा पुणे जिल्ह्यातील डोंगराळ गावांमधील जात्यापर्यंत येऊन पोहोचतो. मूळचे फ्रेंच, परंतु पुढे भारतीय नागरिक झालेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था उभारली. पहाटे दळताना बायका ज्या ओव्या गात, त्या त्यांनी खेड्यापाड्यांतील कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने टिपून घेतल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, डॉ. बाबासाहेब आंबेडकर असे नाना विषय त्या ओव्यांत येतात. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि ओव्या केवळ स्मरणात उरल्या. थोडा उशीर झाला असता, तर कित्येक ओव्या गाणाऱ्या बायांबरोबरच संपल्या असत्या. आज हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा असून त्यात हजाराहून अधिक गावांचा वाटा आहे.

फ्रेंच अभियंते व संगीतविषयक संगणन-तज्ज्ञ बर्नार बेल १९९४ ते १९९८ या काळात दिल्लीच्या केंद्रात होते. ओव्यांचे ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंदवही ही प्रामुख्याने त्यांची कामगिरी. १९९३ ते १९९८ या वर्षांत या कार्यास युनेस्को, नेदरलँड्सचे विकास सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडमधील शार्ल लेओपोल्ड मेयर प्रतिष्ठान यांचे अर्थसाहाय्य लाभले. पैसा परका होता. विषय कोणता, माणसे कोणती आणि भाषा कोणती, हे मात्र पुण्यात व त्या खेड्यांत ठरले. अर्थसाहाय्यापेक्षा ही बाब मला अधिक मोलाची वाटते.

परंतु माहिती परत मिळण्यास फार काळ गेला. पॉइटवाँ २००४ मध्ये निवर्तले, राईरकर २०१० मध्ये. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर या ओव्या २०१७ पासून क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. आता ज्याच्या हाती मोबाईल आहे त्याला त्या ऐकता येतात. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गाव दिलेले असते, हेही उचितच झाले.

निधीबाबत कायदा स्पष्ट आहे. परदेशी देणगी घेणाऱ्या देशी संस्थांवर पूर्वी १९७६ चा अधिनियम लागू होता. आता २०१० चा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. तेव्हा अभ्यासकाला त्याची संस्था, तिची नोंदणी व निधीचा स्रोत विचारण्यात अवमान नाही. त्याने ही माहिती लेखी द्यावी.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी : नावाची. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव छापणे हा तिचा मान आहे. कर्ज, आजार किंवा घरातील भांडण यांविषयी माहिती देणाऱ्या बाईचे नाव मात्र अहवालात येता कामा नये. अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतीला आणि शाळेला केव्हा मिळेल, याची तारीखही त्याच कागदावर लिहून घ्यावी.