लोणारचे विवर आणि वेडी बाभूळ

मोहरी हा आपल्या स्वयंपाकघरातील रोजचा दाणा. तिच्यावाचून फोडणी होत नाही, लोणचे मुरत नाही. परंतु अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर आणि त्यासमोरील चॅनेल बेटांवर काळी मोहरी हे त्रासदायक तण मानले जाते. भूमध्य समुद्राच्या परिसरातील ही वनस्पती माणसाबरोबर तेथे पोहोचली. पाऊस पडताच ती माणसाच्या उंचीहून वर जाते, तिच्यातून उतरणारी द्रव्ये शेजारच्या बियांना रुजू देत नाहीत आणि उन्हाळ्यात वाळलेले तिचे ताटवे वणव्याला इंधन पुरवतात. तिचे बी अनेक वर्षे जमिनीत जिवंत राहते, म्हणून एकदा उपटून काम संपत नाही.

अशा वनस्पतीचा घाव बेटावर अधिक खोल बसतो. बेटावरील झाडे-प्राणी दीर्घकाळ एकमेकांच्या सोबतीने घडलेले असतात. जागा मोजकी असते आणि तेथील एखादी जात नष्ट झाली, तर ती पुन्हा येण्यासाठी शेजारचे रान नसते. बाहेरून आलेल्या वनस्पतीला मूळ प्रदेशात आवर घालणारे कीटक व रोग मात्र मागेच राहिलेले असतात.

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, तरीही निसर्गाच्या दृष्टीने आपल्याकडे एक बेट आहे. ते म्हणजे लोणारचे विवर. बेसाल्टच्या कठीण खडकात उल्काघाताने घडलेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. भोवती शेती आणि वस्ती, आत उतारावरचे जंगल आणि तळाशी खारे, अल्कधर्मी सरोवर. त्याच विवरात गोड्या पाण्याची धारही आहे. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सर्वांचे लक्ष तिकडे वेधले गेले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे तपासणीत आढळले. २००० साली हा परिसर वन्यजीव अभयारण्य झाला आणि २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. इतक्या लहान जागेत इतके वेगळेपण सामावलेले असल्याने तेथे होणारी हानी भरून काढणे कठीण आहे.

या विवराच्या उतारावर आणि काठावर वेडी बाभूळ पसरली. काही जण तिला विलायती बाभूळ म्हणतात. ती आपल्या गावठी बाभळीहून निराळी आहे. मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील हे झाड १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्यात सरपणासाठी आणले गेले. पुढे ओसाड जमीन हिरवी करण्यासाठी देशात अनेक ठिकाणी ते मुद्दाम लावले गेले. हेतू चांगला होता. पाणी कमी असो वा जमीन खारी असो, हे झाड तग धरते. आणि नेमक्या याच गुणामुळे ते आवरेनासे झाले.

त्याच्या पसरण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. शेंगा गोड असतात. गुरे-शेळ्या त्या आवडीने खातात. कठीण कवचाचे बी पोटातून न पचता बाहेर पडते आणि शेणातून दूरवर रुजते. खोड वरून तोडले की बुंध्यातून अनेक नवे फुटवे येतात, म्हणजे एका झाडाच्या जागी काटेरी झुडूप उभे राहते. गळलेल्या पानांतील द्रव्ये खालच्या रोपांना दबवतात. गवत विरळ होते आणि गवतावर जगणाऱ्यांची जागाही आक्रसते.

येथे एक विचार मांडणे आम्हाला आवश्यक वाटते. जन्माने कोणी हीन ठरत नाही, कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण आमचे विद्यार्थी वसलसुत्तातून शिकतात. वनस्पतीकडेही याच दृष्टीने पाहावे. आपल्या शेतातील सोयाबीन पूर्व आशियातून आले, मिरची आणि सीताफळ अमेरिका खंडातून, तर चिंच आफ्रिकेतून. लोणारच्या विवरातही चिंच आणि सीताफळ आहेत. त्यांना परके म्हणून कोणी उपटावे, असे आम्ही म्हणणार नाही. वेडी बाभळीचा आक्षेपार्ह भाग तिचा परदेशी जन्म नव्हे. ज्या जागेत ती येते, तेथे ती इतरांना जगू देत नाही, हा खरा आक्षेप आहे.

म्हणूनच विवरातून ती काढण्याचे काम वनविभागाने हाती घेतले, ते योग्यच होय. मात्र या कामाला दुसरी बाजू आहे. ज्या भूमिहीन कुटुंबांना स्वतःचे शेत नाही, बांध नाही, त्यांच्या चुली जिल्ह्यातील गावोगावी याच लाकडावर पेटत आल्या आहेत. सरपणाची मोळी वाहणाऱ्या माता-भगिनींना हे झाड शत्रू वाटत नाही. गावच्या गायरानातून ते काढायचे असेल, तर आधी इंधनाची दुसरी सोय आणि काढलेल्या लाकडावर त्यांचा वाटा, या दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत. अन्यथा निसर्ग वाचवण्याचा भार सर्वात गरीब घरावर पडेल.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज शेतीत, अध्यापनात आणि शासकीय सेवेत आहेत. त्यांना व सर्व पालकांना आमची विनंती आहे. आपल्या शेताच्या बांधावर वा गावाच्या मोकळ्या जागेत हे झाड काढायचे असल्यास शेंगा पिकण्यापूर्वी काढावे आणि नुसते तोडू नये, बुंध्यासह खणावे. मोकळी झालेली जागा तशीच सोडू नये; तेथे कडुनिंब, हिवर, पळस, बोर यांची रोपे लावावीत. पुढील काही वर्षे पावसाळ्यानंतर फेरी मारून उगवलेली कोवळी रोपे हातानेच उपटावीत. वृक्षारोपणासाठी रोप आणताना ते किती लवकर वाढते, एवढेच विचारू नये. त्याच्या सावलीत दुसरे काय वाढेल, हेही विचारावे.