उन्हानेच ओढलेला वारा

दुपारच्या उन्हात तापलेली भिंत म्हणजे घराला डोकेदुखी. पण नीट रचली, तर हीच भिंत हवा खेळती ठेवते.

सिंगापूरच्या बांधकाम प्राधिकरणाच्या बीसीए अकादमीतली एक जुनी इमारत पाडली नाही. तिचंच रूप बदलून २००९ मध्ये ती 'शून्य-ऊर्जा इमारत', म्हणजे वर्षभरात वापरते तेवढी ऊर्जा स्वतःच तयार करणारी इमारत म्हणून सुरू झाली. छतावर सौर पॅनेल आहेतच, पण खरी गंमत आहे सौर धुराड्यांची. सौर धुराडं म्हणजे उन्हात उभी असलेली धातूची नळी. ती तापते, आतली हवा हलकी होऊन वरच्या तोंडातून निसटते आणि तिची जागा घ्यायला वर्गातली कोंदट हवा नळीत ओढली जाते. उघड्या खिडक्यांतून मग ताजी हवा आत शिरते. पंखा नाही, मोटर नाही. अशा नळीच्या खालच्या तोंडाशी उदबत्ती धरली, तर धूर क्षणभर घुटमळतो आणि सरळ आत वळतो. ऊन जितकं कडक, तितकी ओढ जास्त. तापमानातला फरक तोच ठेवून उंची चौपट केली, तर प्रवाह साधारण दुप्पट होतो.

भिंतीवर सौर पॅनेल लावतानाही हेच सूत्र कामी येतं. सिलिकॉनचं पॅनेल तापलं, की वीज कमी देतं: २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट. म्हणून पॅनेल भिंतीला चिकटवत नाहीत. मागे पोकळी ठेवतात. तिथली गरम हवा वर सरकते, पॅनेल निवतं, भिंतही सावलीत राहते.

एक मर्यादा मात्र आहे. बाहेरचीच हवा दमट आणि उष्ण असेल, तर नुसतं वायुवीजन खोली थंड करत नाही. अंगावरचा घाम तेवढा सुकवतं.