तंजावरात सापडलेले नाटक

नाटकाचे वेड माणसाला कुठे नेईल याचा नेम नाही. मला ते थेट तंजावरला घेऊन गेले, आणि माझ्याबरोबर आमच्या सौ.लाही!

त्याचे असे झाले. ५ नोव्हेंबरला आमच्या वसाहतीत रंगभूमी दिन साजरा होतो आणि भाषणाचा मान माझ्याकडे असतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटक जन्माला आले, हे वाक्य मी आता झोपेतही म्हणू शकेन. गेल्या वर्षी भाषण संपल्यावर कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारले, "काका, मग तंजावरची मराठी नाटकं?"

"तो वेगळा विषय आहे," असे म्हणून मी वेळ मारून नेली. उत्तर येत नसले की विषय वेगळा होतो, हे तिला ठाऊक असावे. ती नुसती हसली. ते हसू मला झोपू देईना. पुस्तके चाळली आणि शेवटी तिकिटेच काढली.

तंजावरात सौ.ने आधी देवदर्शनाचा हट्ट धरला. राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पुरे केलेले बृहदीश्वराचे ते प्रचंड मंदिर! मी शिखराकडे मान वर करून पाहत होतो. सौ. मात्र आवारातल्या एका भिंतीपाशी थबकली होती.

"अहो, इकडे या. हे तर आपलं मराठी!"

खरेच की! १८०३ साली सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसल्यांचा इतिहास तो. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे राज्य स्थापले, ते १८५५ पर्यंत टिकले. चोळांच्या दगडावर मराठी अक्षरे पाहून सौ.ने नकळत हात जोडले. देवाला की भाषेला, हे मी विचारले नाही.

दुपारी राजवाड्यात गेलो. वाडा मूळचा नायक राजांचा, पुढे मराठ्यांनी त्यात भर घातली. दरबार पाहिला, सरफोजींचा संगमरवरी पुतळा पाहिला, सरस्वती महाल ग्रंथालयही पाहिले. पण माझे डोळे शोधत होते रंगमंच. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे १६८४ ते १७१२ गादीवर होते. ते स्वतः नाटके लिहीत, मराठीत आणि तेलुगूतही. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे भाव्यांच्या दीडशे वर्षे आधीचे. ते कुठे झाले असेल? पडदा कुठे, प्रेक्षक कुठे? मी खांबामागून खांब धुंडाळत होतो आणि सौ. पाय दुखतात म्हणून रागावली होती.

"चार भिंती बघायला एवढ्या लांब आणलंत!"

"अगं, भिंती बोलतात."

"मग त्यांना म्हणावं, बसायला द्या!"

तेवढ्यात पायरीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ खुदकन हसले आणि सरकून जागा करीत म्हणाले, "बसा, बाई."

आम्ही चकित! त्यांचे मराठी निराळेच होते. हेल तमिळ, काही शब्द आमच्या आजीच्या तोंडचे, तर काही मुळीच न कळणारे. घराणे कित्येक पिढ्या तंजावरातच. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेलाही नव्हता. बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी, देवापुढे संस्कृत आणि घरात मराठी, असा त्यांचा जन्म गेला होता.

मला एकदम शहाजीराजांचे 'पंचभाषा विलास' आठवले. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा आहेत आणि पात्रे आपापल्या भाषेत बोलतात. पुस्तकात वाचताना मला ती राजाची हौस वाटली होती. पायरीवर बसल्यावर कळले, ती हौस नव्हती, ते गावच तसे होते!

मग सरफोजींच्या 'देवेंद्र कुरवंजी'ची गोष्ट निघाली. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई. दक्षिणेतल्या नाटकांत ती हटकून येते. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या सरफोजींनी तिच्या तोंडून चक्क जगाचा भूगोल सांगितला, तोही मराठीत! सौ. पाय विसरून ऐकत होती.

"नातवंडं मराठी बोलतात ना?" तिने विचारले.

"कळतं त्यांना. उत्तर तमिळमध्ये येतं."

सौ. क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आमची इंग्रजीत देतात."

तिघेही हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. इथे मराठी मागे पडले ते राज्य गेले म्हणून, असे म्हणता येईल. आमच्या दिवाणखान्यात कोणते राज्य गेले आहे?

आम्ही उठलो तेव्हा त्यांनी हात जोडून एकच मागणी केली, "आणखी थोडं बोला. ऐकायला बरं वाटतं."

गाडीची वेळ झाली होती, तरी आम्ही बसलो. काय बोललो? फराळ, पाऊस, पोरांची लग्ने! त्या वाड्यात त्या दिवशी एक प्रेक्षक होता आणि आम्ही दोन पात्रे. मला हवा होता तो रंगमंच ती पायरीच होती.

यंदाच्या भाषणात भाव्यांचा मान तसाच राहील. दरबाराबाहेर काढून नाटक गावोगाव नेले ते त्यांनी. पण त्याआधी मी तंजावरचे नाव घेणार आहे, आणि त्या मुलीला पहिल्या रांगेत बसवणार आहे.

नातवालाही बोलावले आहे. तो विचारतो, "आजोबा, व्हॉट टाइम?"

सौ. आतून ओरडली, "मराठीत विचार, मग सांगतील!"