सुटलेली बाबागाडी

परवा दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून जुनी बाबागाडी खाली आली. वेताची, चार उंच चाकांची. हुडाचं कापड पार विरलेलं. आईने मला तिच्यातून फिरवलं, पुढे आम्ही आमच्या मुलाला. आता सूनबाईंना दिवस गेले आहेत, तेव्हा चिरंजीव चाकांना कोणता रंग द्यावा या विचारात. घरात सगळे खुशीत. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ओडेसाचा जिना उभा राहिला!

कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत 'बॅटलशिप पोटेमकिन' पाहिला होता. १९०५ साली झारच्या युद्धनौकेवर खलाशांनी बंड केलं, त्यावर सर्गेई आयझेनस्टाइनने १९२५ साली, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी काढलेला हा मूकपट. बंदुका रोखून सैनिक ओळीने जिना उतरताहेत, माणसं सैरावैरा धावताहेत, आणि एक आई बाबागाडीला पाठीशी घालून उभी आहे. गोळी तिलाच लागते. ती कोसळते, आणि तिच्याच अंगाचा धक्का लागून गाडी सुटते! वाचवायला उभी राहिली तीच लोटायला कारण झाली. गाडी पायरीमागून पायरी धडधडत खाली जाते, शेवटी कलंडू लागते आणि दृश्य बदलतं. बाळाचं काय झालं? दिग्दर्शक सांगत नाही.

ओडेसात त्या साली गोळीबार झाला, माणसं मेली, हे खरं. पण जिन्यावरची ही कत्तल आयझेनस्टाइनने रचलेली. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती गाडीच. १९८७ साली हॉलिवूडने 'द अनटचेबल्स'मध्ये शिकागोच्या स्टेशनातल्या जिन्यावरून तशीच गाडी सोडली.

गाडीच का? बर्त मोरिझो या फ्रेंच चित्रकर्तीचं १८७२ चं एक चित्र आहे: आई पाळण्याशी बसून निजलेल्या बाळाकडे नुसती पाहते आहे. त्या चित्रापुढे जीव निवांत होतो. पाळण्याला कितीही उंच झोका द्या, दोरी त्याला परत आणते. गाडीला परत येणं ठाऊक नाही. आईचा हात आहे तोवर ती घरासारखी. हात सुटला की तिचा मालक उतार! आयझेनस्टाइनने नेमकं हेच हेरलं.

हे सगळं घरात कुणाला सांगणार? सूनबाईंपुढे तर नाहीच. मी गुपचूप गाडी अंगणात नेली, उतारावर उभी करून पाहिली. ब्रेकचा दांडा गंजून कामातून गेलेला.

"रंगाचं मागाहून बघू," मी मुलाला म्हटलं, "आधी ब्रेक नवा बसवून आण."