फॅक्सची पोचपावती कोणाच्या दप्तरी?

संगणकावरचे कार्यालय : लेखांक ९

मागच्या लेखांकात बिले आणि पत्रे ई-मेलने आपोआप पाठवण्याची सोय पाहिली. मग फॅक्स अजून कशाला, असे कोणीही विचारेल. कागद कोणत्या वाटेने घ्यायचा हे घेणारा ठरवतो, एवढेच त्याचे उत्तर. अमेरिकेतल्या विमा कंपन्या, दवाखाने आणि औषधांची दुकाने आजही फॅक्स मागतात. तिथल्या रुग्णालयांच्या बिलांचे काम करणाऱ्या भारतातल्या शहरांत चेन्नईचे नाव मोठे आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न रोजचा. अण्णा नगरातल्या अशा एखाद्या मध्यम आकाराच्या कार्यालयाचे गणित मांडून पाहू.

समजा, नाकारलेल्या दाव्यांवरची अपिले आणि सोबतची वैद्यकीय कागदपत्रे असे रोज २०० संच पाठवायचे आहेत, प्रत्येकी ३ पानांचे. नेहमीच्या फॅक्स मोडेमचा वेग सेकंदाला १४,४०० बिट. छापील मजकुराच्या पानाला अर्धा मिनिट आणि दोन यंत्रांच्या सुरुवातीच्या बोलणीला आणखी अर्धा मिनिट धरले, तर एका संचाला २ मिनिटे लागतात. एकाच लाइनवर ४०० मिनिटे, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास. त्यात समोरची लाइन व्यस्त लागली की रात्र पुरत नाही. ४ लाइन असतील तर हेच काम पावणेदोन तासांच्या आत उरकते. यंत्रात एकेक पान सरकवून हे होणारे नाही. बिलांच्या प्रणालीतूनच फॅक्स निघायला हवा.

त्याच्या वाटा मोजक्या आहेत. पहिली, कार्यालयातच मोडेम आणि फोन लाइन लावून सॉफ्टवेअर चालवायचे. सॅम लेफ्लर यांनी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना लिहिलेले हायलाफॅक्स लिनक्सवर फुकट चालते, रांग सांभाळते, फेरप्रयत्नही करते. दुसरी, राइटफॅक्ससारखा विकतचा फॅक्स सर्व्हर. अनेक लाइन आणि अनेक विभाग असतील तिथेच तो परवडतो. तिसरी, इंटरनेटवरची सेवा. आपली प्रणाली तिला ई-मेल पाठवते किंवा थेट प्रोग्रॅममधून कागद सोपवते आणि फोन ती सेवा करते. सॅप ही व्यवसाय-प्रणाली वापरणाऱ्यांना तर तिच्यातल्या सॅपकनेक्टमधून फॅक्स ई-मेलच्या रूपात अशा सेवेकडे वळवता येतो.

बहुतेक जण इथे पानामागचा दर विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न पोचपावतीचा आहे, आणि तो किती गंभीर आहे हे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून कळते. बेंगळुरूच्या एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स या निर्यातदाराने अमेरिकेच्या सिल इम्पोर्टला न वटलेल्या धनादेशांबद्दल ११ जून १९९६ रोजी फॅक्सने नोटीस पाठवली आणि दुसऱ्या दिवशी तीच नोटीस रजिस्टर टपालाने. टपाल २५ जूनला पोचले. निर्यातदाराने मुदत टपालापासून मोजली आणि ८ ऑगस्टला फिर्याद केली. १९९९मध्ये न्यायालयाने सांगितले की फॅक्सने दिलेली नोटीसही कायदेशीर नोटीसच आहे. म्हणजे पैसे भरण्याचे १५ दिवस फॅक्स मिळाल्यापासून सुरू झाले आणि त्यानंतरची फिर्यादीची महिन्याची मुदत जुलैतच संपली. फिर्याद मुदतबाह्य ठरली. फॅक्स कधी पोचला हे ज्याच्या दप्तरी नीट नोंदलेले नाही आणि त्या नोंदीकडे ज्याचे लक्ष नाही, त्याचा हक्काचा दावा असा हातचा जातो.

विमा कंपन्यांच्या अपिलांनाही मुदती असतातच. म्हणून फॅक्सची पोचपावती म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. प्रत्येक पान संपले की घेणारे यंत्र ते नीट मिळाल्याचा संकेत उलट पाठवते. तो आला तरच पाठवणारे यंत्र पान गेले असे मानते. ई-मेलला ही सोय मुळातच नाही. पण इंटरनेट सेवेने ‘तुमचा कागद मिळाला’ म्हणणे वेगळे आणि समोरच्या यंत्राने पान स्वीकारणे वेगळे. आपल्या प्रणालीत दाव्याच्या क्रमांकासमोर दुसरी नोंद आपोआप चढली पाहिजे: कोणता नंबर, किती पाने, किती वाजता. लाइन व्यस्त होती, कोणी उचललेच नाही, की माणसाने फोन घेतला, हेही वेगवेगळे दिसले पाहिजे. चुकीच्या नंबरवर दर दहा मिनिटांनी फेरप्रयत्न होत राहिला, तर कोणाच्या तरी घरचा फोन रात्रभर वाजत राहील आणि रुग्णाची कागदपत्रे परक्याच्या हाती पडण्याचा धोका राहील तो वेगळाच.

मोडेमच्या वाटेत आणखी एक खाच आहे. तांब्याची तार जाऊन फायबर आले, की लँडलाइनचा आवाज पॅकेटांत तुकडे होऊन जातो. बोलताना एखादा तुकडा हरवला तर कानाला कळतही नाही, फॅक्सचे पान मात्र तुटते. त्यासाठी टी.३८ ही पद्धत आहे. तिच्यात फॅक्सचा आवाज न पाठवता त्यातली माहितीच पॅकेटांतून जाते. आपला सेवादाता टी.३८ देतो का, हे मोडेम घेण्याआधी लेखी विचारा.

आपल्या उदाहरणातल्या कार्यालयाला मी इंटरनेट सेवाच सुचवेन. फोन अमेरिकेतूनच लागतो, त्यामुळे परदेशी कॉलचा खर्च वाचतो आणि लाइनची संख्या ही आपली चिंता उरत नाही. मात्र रुग्णांची माहिती त्रयस्थाच्या हाती जाते. म्हणून रुग्णांची माहिती जपण्यासाठीच्या अमेरिकेच्या १९९६च्या हिपा कायद्याखालचा बिझनेस असोसिएट करार जी सेवा करणार नाही, तिला दारातूनच परत पाठवावे. रोज पाच-दहाच फॅक्स असतील आणि तेही भारतातल्या भारतात, तर एक मोडेम आणि हायलाफॅक्स पुरे.

पैसे भरण्याआधी चाचणीचा काळ मागून घ्या. त्यात एक कोरा कागद मुद्दाम व्यस्त नंबरवर, एक बंद नंबरवर आणि एक साध्या फोनवर पाठवा. या तिन्हींची तीन वेगवेगळी कारणे तुमच्या प्रणालीत आपोआप उमटली नाहीत, तर ती सेवा घेऊ नका.