दोन जाळ्यांची जोडणी : दूरध्वनी सेवेतील करार व नियमन

ग्वाल्हेर शहराच्या फूलबाग भागात मोती महाल ही भव्य वास्तू उभी आहे. शिंदे संस्थानचे सचिवालय एके काळी या वास्तूत होते. या संस्थानचे स्वतःचे टपाल खाते होते. आणि त्याच्या सीमेपलीकडे चहूबाजूंस ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे विस्तीर्ण जाळे पसरलेले होते. लहान जाळ्यातील पत्र मोठ्या जाळ्यात कसे जावे, त्याचे दर कोणते असावेत आणि खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न त्या काळी उपस्थित झाले. आज दूरध्वनीच्या क्षेत्रात नव्या कंपनीपुढे उभे राहणारे प्रश्न नेमके हेच आहेत. म्हणून हा जुना दाखला प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल.

१८८५ चा टपाल करार

सन १८८५ मध्ये ग्वाल्हेर संस्थान व ब्रिटिश हिंदुस्थान सरकार यांच्यात टपालविषयक करार अमलात आला. त्यानुसार हिंदुस्थान सरकारच्याच तिकिटांवर इंग्रजी व नागरी लिपीत ग्वाल्हेरचे नाव छापून ती संस्थानात वापरली जाऊ लागली. टपालाची देवाणघेवाण ठरावीक कार्यालयांतून होई. ग्वाल्हेरचे तिकीट लावलेले पत्र ब्रिटिश मुलखातही पोहोचविले जाई. पत्र घेणाऱ्यास पुन्हा दर द्यावा लागत नसे. पतियाळा, जिंद, नाभा, चंबा व फरीदकोट या संस्थानांनीही असेच करार केले होते.

असा करार नसेल तर काय होते, याचे उदाहरण मराठवाड्यातील वाचकांस जवळचे वाटेल. निजामाच्या राज्याचेही स्वतंत्र टपाल होते. परंतु त्याचे तिकीट राज्याच्या हद्दीबाहेर चालत नसे. दोन्ही ठिकाणी टपाल कार्यालये होती, कर्मचारी होते, तिकिटेही होती. फरक केवळ कराराचा होता.

परस्परजोडणी म्हणजे काय?

शेतापासून निघालेली पाणंद गावच्या रस्त्यास आणि गावचा रस्ता राज्य मार्गास मिळाला, तरच शेतमाल बाजारात पोहोचतो. दूरध्वनीचेही तसेच आहे. नव्या कंपनीने मनोरे उभारले, तारा टाकल्या, तरी तिच्या मोजक्या ग्राहकांस केवळ एकमेकांशीच बोलता येत असेल, तर ती सेवा कोणी घेणार नाही. तिच्या ग्राहकाचा कॉल जुन्या कंपनीच्या ग्राहकापर्यंत पोहोचला पाहिजे. यासाठी दोन जाळी ठरावीक ठिकाणी जोडावी लागतात. त्या ठिकाणास परस्परजोडणी बिंदू असे म्हणतात. तेथे किती क्षमता द्यावी, ती किती दिवसांत द्यावी आणि त्यासाठी कोणता आकार घ्यावा, हे करारात नमूद केलेले असते.

येथे एक अडचण स्वाभाविकपणे उद्भवते. जोडणीची निकड नव्या कंपनीस अधिक असते; जुन्या कंपनीचे बहुसंख्य ग्राहक आधीच तिच्या जाळ्यात असतात. जोडणीस विलंब झाला तर नवा प्रतिस्पर्धी दुर्बळ होतो. त्यामुळे हा करार केवळ दोन पक्षांच्या मर्जीवर सोपविणे योग्य ठरत नाही. त्रयस्थ नियामकाची आवश्यकता येथे उत्पन्न होते.

नियामक यंत्रणा

सन १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने मूलभूत दूरध्वनी सेवा खासगी कंपन्यांस खुली केली. ४ जून १९९८ रोजी मध्य प्रदेशात इंदूर येथे भारती समूहाची स्थिर दूरध्वनी सेवा सुरू झाली. ती देशातील अशी पहिली खासगी सेवा होती. त्या वेळी केंद्राचा दूरसंचार विभाग परवाने देत असे आणि स्वतः दूरध्वनीही चालवीत असे. खेळाडू व पंच एकच असू नये, या विचाराने १९९७ मध्ये कायद्याद्वारे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, स्थापन झाले. सन २००० मध्ये कायद्यात सुधारणा होऊन तंटे सोडविण्यासाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरण निर्माण करण्यात आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी सेवा चालविण्याचे काम भारत संचार निगमाकडे गेले.

तथापि संघर्ष थांबला नाही. सन २०१६ मध्ये रिलायन्स जिओने सेवा सुरू केली, तेव्हा जोडणी बिंदूंची क्षमता अपुरी असल्याने तिच्या ग्राहकांचे असंख्य कॉल लागत नव्हते. गर्दीच्या वेळी या बिंदूंवर हजारांत पाचांहून अधिक कॉल अडता कामा नयेत, असा दंडक आहे. ट्रायने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी एअरटेल, व्होडाफोन व आयडिया यांना एकूण ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली. कंपन्यांनी आरोप अमान्य केले. त्यानंतर २०१८ च्या विनियमांनी, मागणी आल्यापासून ३० दिवसांत भेदभाव न करता करार करण्याचे बंधन घातले.

जोडणीच्या आकाराचा भारही क्रमाने कमी झाला. आपल्या जाळ्यातील कॉल दुसऱ्या जाळ्याने पोहोचविल्याबद्दल मोबाईल कंपनीस मिनिटास १४ पैसे द्यावे लागत. १ ऑक्टोबर २०१७ पासून ते ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून ही आकारणी बंद झाली.

ग्राहकाने काय करावे?

एखाद्या विशिष्ट कंपनीच्या क्रमांकावरच कॉल वारंवार लागत नसेल, तर दोष आपल्या यंत्रात आहे असे समजून स्वस्थ बसू नये. दिवस, वेळ व दुसऱ्या ग्राहकाची कंपनी यांची नोंद ठेवावी. आपल्या कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. निराकरण न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. शिक्षक व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांनी अशा नोंदी ठेवण्याच्या कामी ग्रामस्थांस साहाय्य केल्यास तक्रारीस बळ येईल.

ग्वाल्हेरचे पत्र एकाच तिकिटावर परमुलखात पोहोचत असे, याचे कारण त्यामागे एक करार उभा होता. गावातील आजाऱ्याने दवाखान्यास केलेला कॉलही अशाच कराराच्या आधाराने पोहोचत असतो. कॉल करणारा व घेणारा कोणत्या कंपनीचे ग्राहक आहेत, यावर तो पोहोचणे अवलंबून राहू नये, हेच या सर्व नियमनाचे प्रयोजन होय.